सोमवारी सलूनवाले करतात तरी काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत ‘एक त्रस्त नागरिक’ अशा सहीचं पत्र आलं होतं. मंगळवारी सकाळी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, आणि सोमवारी अख्खी सांगली पालथी घालूनही त्यांना दाढीला एक सलून उघडं सापडलं नाही. राग येणं साहजिक आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘आठवड्यातला एक अख्खा दिवस शटर ओढून ही मंडळी करतात तरी काय?’

हे पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालाला नुकताच फेस लावला होता. त्याला हसू आलं आणि फेस नाकात गेला. बाकावर चौघं होते, चौघांनी चार उत्तरं दिली. एक म्हणाला, झोपा काढतात. एक म्हणाला, एकमेकांच्या दाढ्या करतात. तिसऱ्याचं उत्तर आपण छापणार नाही. चौथा म्हणाला, ‘मामा, तुम्हीच लिवा की पेपरला.’ म्हणून लिहितोय.

गावभागात माझं दोन खुर्च्यांचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. सगळ्या सलूनवाल्यांच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नाही. संघटनेचा मी साधा सभासद, वर्गणीसुद्धा मागितल्याशिवाय देत नाही. तेव्हा परवाच्या एका सोमवारचा आणि तोही फक्त माझाच हिशोब देतो.

पण आधी सोमवारच का, ते सांगून टाकतो. रविवारी आमचं शटर सकाळी साडेसहाला वर जातं ते रात्री दहाला खाली येतं. सलूनमध्ये बसतं ते गिऱ्हाईक, आम्ही उभे. शिवाय सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी आणि अमावस्या, असं म्हणून केसाला हात न लावणारी गिऱ्हाइकं अजून भरपूर आहेत. त्यातल्या त्यात सोमवार रिकामा, म्हणून तो सुट्टीचा. आणि एकानं उघडायचं, दुसऱ्यानं बंद ठेवायचं, हे जमत नाही. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या खुर्चीत बसलं की त्याच्या केसाचं वळण बदलतं आणि ते परत येत नाही. सगळे बंद तर सगळे निवांत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. माझ्या दुकानात आरशाचा वरचा कोपरा तेवढा पाण्याबाहेर राहिला होता. पाणी उतरल्यावर गाळ काढायला आणि खुर्च्या पुन्हा उभ्या करायला पंधरा-वीस दिवस गेले. त्या दिवसांत गावभागानं दाढ्या कुठं केल्या, तेही कुणी एकदा पत्र लिहून कळवावं.

आता सोमवार.

झोप साडेपाचलाच उघडते, सवय आहे. चहा घेऊन मी दुकानात जातो. होय, दुकानातच. शटर गुडघ्याएवढं वर करायचं, वाकून आत जायचं आणि परत ओढून घ्यायचं. थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतला एक कारागीर तसाच वाकून आत येतो. गेली एकोणीस वर्षं आम्ही दोघं दर दुसऱ्या सोमवारी एकमेकांचे केस कापतोय. म्हणजे बाकावरच्या त्या दुसऱ्याचं उत्तर निम्मं बरोबर होतं. कापताना आम्ही बोलत नाही. आठवडाभर ऊस, तासगावचे बेदाणे, निवडणूक, पोरींची लग्नं हे सगळं बोलून झालेलं असतं. त्या अर्ध्या तासात नुसती कात्री वाजते. माझ्याच खुर्चीत मी मान टाकून बसतो, डोळे मिटतो, तुरटीचा गार खडा गालावरून फिरतो. माझ्या खुर्चीची गादी डावीकडं जरा खचली आहे, हे मला फक्त सोमवारीच कळतं. तो माझ्या डाव्या कानामागं मशीन जरा वर नेतो. एकोणीस वर्षं सांगतोय, ऐकत नाही.

तो गेला की मी आपला पेपर उघडतो. इतर दिवशी पेपर माझ्या हातात येईपर्यंत त्याची लक्तरं झालेली असतात आणि शब्दकोडं तीन वेगवेगळ्या पेनांनी भरलेलं असतं. नदीला तीन घरं असली तरी कुणीतरी त्यात ‘पंचगंगा’ कोंबलेली असते. सोमवारी कोडं कोरं मिळतं. परवा उभे सगळे आणि आडवे दोन सोडून सगळे शब्द मी एकट्यानं सोडवले. हे लिहायची खरं तर गरज नव्हती.

आठला घरी आलो तर पायरीपासूनच ठसका. परवाचा सोमवार चटणीचा होता.

आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसणाची लाल चटणी. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी शेंगदाण्याच्या चटणीशी तिचं नातं जोडू नये. मिरची आदल्या सोमवारी गणपती पेठेतून आणली होती, साडेतीन किलो. दोन किलो ब्याडगी, एक किलो संकेश्वरी, अर्धा किलो लवंगी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी आईच्या हट्टाला. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दात गेले, तिखट गेलं नाही. आठवडाभर मिरची गच्चीवर उन्हात होती, देठं खुडायचं काम आईकडं. हेअर डायच्या पाकिटात येतात ते प्लास्टिकचे हातमोजे मी तिला आणून दिले, ते घालून ती डॉक्टरीणबाईसारखी बसली होती. मला हातमोजा घालून काम जमत नाही, बोटांना काही कळतच नाही. म्हणून मी उघड्या हातानंच मिरच्या परतल्या. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मंडळींचा सोमवारचा उपास असतो. आमच्या घरात उपास त्यांच्याकडं आणि दर्शन माझ्याकडं, अशी वाटणी आहे. तर उपाशीपोटी त्या माउलीनं अडीच किलो कांदा तेलात लालभडक परतला, लसूण परतला, धणे, खोबरं, तीळ, खसखस वेगवेगळं भाजलं, लवंग, दालचिनी, दगडफूल, नाकेसर, बदामफूल तेलात फुलवून काढलं. वास बाहेरच्या रस्त्यापर्यंत. आणि यातलं काही चाखायचं नाही. ‘अहो, कांदा झाला का बघा’ म्हणून मला हाक. मी बघायचो म्हणजे खायचो. चार वेळा कांदा बघितल्यावर मला हाका बंद झाल्या.

हळकुंडं मात्र विकतची नव्हती. मार्केट यार्डातले बरेच हमाल माझ्याकडं येतात. हळदीचे सौदे सुरू झाले की त्यांच्या मानेवरून वस्तरा फिरवताना फेस पिवळा होतो, टॉवेल पिवळा होतो. धुऊन जात नाही. त्यांतल्या एकानं राजापुरी जातीच्या हळदीची मूठभर हळकुंडं कागदात बांधून आणून दिली होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा याच गिऱ्हाइकानं मला खुर्चीत बसून विचारलं होतं, ‘मामा, ह्यानं आमची हमाली वाढंल का?’ मी म्हटलं, हनुवटी वर कर.

दहा वाजता स्प्लेंडरच्या टाकीवर एक डबा, मागं बांधलेला एक डबा, हँडलला मसाल्याची पिशवी आणि पायाशी शाळूचं दळण, असा मी मिरची कुटून आणायला कांडपाला निघालो. कांडपाच्या दारात पाटीवर खडूनं लिहिलेलं : ‘लाईट नाही. ४ नंतर.’ शेजारची पिठाची गिरणीही गप्प. कांडपवाल्या ताई दारात पदरानं वारा घेत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘काल पेपरला आलं होतं की, दुरुस्तीसाठी लाईट जाणार म्हणून. तुमच्या दुकानात पेपर येतो न्हवं?’

येतो. दररोज येतो. पण त्याचं काय होतं ते आपल्याला सांगायला हवं. आता टिश्यू पेपर आले असले, तरी वस्तऱ्यावरचा फेस पुसायला माझ्या हाताला वर्तमानपत्राचा कपटाच लागतो. रविवारी गर्दी. दुपारपर्यंत आदल्या दिवसाचा पेपर संपतो आणि मग त्या दिवसाचीच आतली पानं फाडायला घेतो. ती वीज बंदची चौकट पाचव्या पानावर तळाला होती, असं नंतर शेजाऱ्याच्या पेपरात बघितलं. म्हणजे ती सूचना मी कुणाच्या तरी हनुवटीखालच्या फेसासकट केराच्या टोपलीत टाकली होती. दोष कुणाचा नाही, माझाच.

डबे ताईंकडंच ठेवले, नंबर लावला. भाजलेली मिरची उघडी ठेवू नका, झाकण लावा, असं मंडळींनी फोनवरून तीनदा सांगितलं. मग हाताशी सहा तास आले. मिक्सरच्या भांड्याचा बुश बदलून घेतला; दुरुस्तीवाला म्हणाला, ‘झालंय, पण चालतंय का ते घरी लाईट आल्यावर बघा.’ चपलेचा अंगठा शिवून घेतला. शिवाजी मंडईत मेथी, दोडका आणि लिंबं घेतली. घरची विळी सायकलवरच्या धारवाल्याला दिली. दुकानातल्या कात्र्या त्याच्याकडं कधी देत नाही, त्याच्या चाकावर केसाची कात्री गेली की ती केस कापत नाही, चावते. त्यांना मी स्वतः घरी पाण्याच्या दगडावर धार लावतो, दर सोमवारी रात्री.

आणि मग हरिपूर. खरं तर ते संध्याकाळी असतं, परवा दुपारीच गेलो.

हरिपूरला एक म्हातारबुवा आहेत. वीस वर्षं ते सायकलवरून माझ्याकडं दाढीला यायचे. तीन वर्षांपासून अंथरुणाला आहेत. आता दर सोमवारी मी पिशवीत सामान घेऊन जातो. पूर्वी ते हळदीच्या पेवांवर कामाला होते. आजच्या पोरांना पेव माहीत नसेल, म्हणून लिहितो. हरिपूरच्या जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद साठवायचे, तोंड बंद करायचे, वर माती. म्हातारबुवा सांगतात, वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही की रंग उतरत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं, मग उतरायचं. २००५ च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं, हळद गेली, पेवं खचली, आणि तो धंदा बसला तो बसलाच. हे सगळं ते दर सोमवारी सांगतात. वरच्या ओठाची दाढी करताना त्यांना थांबावं लागतं, तेवढंच. परवा ‘उतरायचं नाही लगीच’ इथपर्यंत आले आणि मी ओठावर वस्तरा ठेवला. झाल्यावर त्यांनी बरोबर तिथूनच पुढं सुरू केलं.

पैसे मी घेत नाही, त्यांची सून चहा देते. हे सुट्टीत धरायचं की कामात, ते त्रस्त नागरिकांनी ठरवावं.

तिथून संगमेश्वराचं दर्शन. श्रावणात सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण चैत्रातल्या दुपारी देवळात मी, गुरव आणि एक झोपलेलं कुत्रं. पायऱ्यांवर बसून कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळतात ते बघितलं. उन्हाळ्यात दोन्ही नद्या अशा निमूट असतात की याच पाण्यानं आपला आरसा बुडवला होता हे खरं वाटत नाही. पंचवीस मिनिटं बसलो. मोबाईल गाडीच्या डिकीत... स्प्लेंडरला डिकी नसते, पिशवीत ठेवला होता.

येताना भडंगाची पुडी घेतली. भडंग घरी नेऊन खायचा नसतो असं माझं मत आहे. घरी नेला की त्यात कांदा, कोथिंबीर, लिंबू घालतात आणि मग तो भडंग राहत नाही, भेळ होते. तो पुडीतूनच, कोरडा, चालता चालता, शेवटचे लसणीचे तुकडे तळहातावर झाडून खायचा. गणपती मंदिराच्या बाजूनं घाटापर्यंत तेवढा पुरतो.

चारला लाईट आली. माझ्यापुढं अकरा डबे. कांडपाचा ज्यांना लांबून वास घ्यायचीही भीती वाटते, त्यांनी एकदा आत उभं राहून बघावं. लोखंडी मुसळ वर जातं, खाली येतं, धाड, धाड, आणि ताई उलथण्यानं मिरची बरोबर मुसळाखाली सारतात. पापणी लवायच्या आत हात मागं. आधी मिरची, मग मसाला आणि शेवटी कांदा-लसूण. तो पडला की कोरडी लाल पूड बघता बघता ओलसर होते, काळपट तांबूस होते आणि चटणीचा खरा वास येतो. रांगेतल्या सगळ्यांना शिंका. एक वहिनी शिंकत शिंकत शेजारणीला सुनेबद्दल सांगत होत्या, दर शिंकेनंतर वाक्य पुन्हा पहिल्यापासून. त्या गोष्टीचा शेवट काय झाला ते मला कळलं नाही, माझा नंबर आला.

साडेसहाला घरी. चटणी कोमट होती, ती परातीत पसरून गार केली. गरम भरली की घाम धरते. बरणीच्या तळाला मीठ, मध्ये हिंगाचा खडा, वर परत मीठ. एक लहान बरणी पुण्याला शिकणाऱ्या मुलासाठी वेगळी. तो तिथं खोलीतल्या चौघांना वाटतो आणि जूनमध्ये संपली म्हणून फोन करतो. दळणाचं पीठ अजून ऊन होतं, तशाच त्याच्या भाकरी झाल्या. मंडळींनी उपास सोडला तो नव्या चटणीवर कच्चं तेल घालून, शाळूच्या भाकरीबरोबर. पहिला घास खाऊन त्या काही बोलल्या नाहीत, दुसरी भाकरी घेतली. आई म्हणाली, ‘लवंगी कमी पडली.’ मिक्सर चालू झाला नाही.

एवढं सगळं झाल्यावर कात्र्या राहिल्याच होत्या. दगड भिजत घातला, गॅलरीत बसून चार कात्र्यांना धार लावली. साडेदहाला झोपलो.

आता आपल्याला एक विनंती. ती वीज बंदची चौकट कृपया पहिल्या पानावर छापत जावी, बारीक अक्षरात का होईना. पहिलं पान आम्ही फाडत नाही. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो असतात, आणि त्यांतल्या एकाला जरी फेस लागला तरी बाकावर भांडण लागतं.

त्रस्त नागरिकांना एवढंच सांगायचं की पाहुण्यांचं काय झालं ते कळवावं, आम्हाला सगळ्यांना उत्सुकता आहे. माझं दुकान मंगळवारी सकाळी सातला उघडतं. मात्र या मंगळवारी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गालाला मी हातानं क्रीम लावलं आणि ते खुर्चीतून ताडकन उठलं. रात्री साबणानं तीनदा आणि लिंबानं एकदा हात धुऊनही ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी तिन्ही बोटांत होत्या. दुसऱ्या गिऱ्हाइकापासून हेअर डायचे हातमोजे घातले. तेव्हा चटणीच्या आठवड्यात आपण बुधवारी यावं.

आपला,
एक सलूनवाला, गावभाग, सांगली
(नाव छापू नये. छापलंत तर लोक सोमवारी घरी येतील.)